चाळीस नंबरचं जनावर

"बाई, हे चाळीस नंबरचं जनावर कोणाचं?"

डॉक्टर काळमेघांनी आतून विचारलं तेव्हा वच्छला अंगणातल्या हौदापाशी बसून बादल्या विसळत होती. तिनं ऐकलं, पण न ऐकल्यासारखं केलं. बादली आधीच स्वच्छ झाली होती, तरी ती तिसऱ्यांदा विसळू लागली.

"बाई!"

"आली जी," म्हणत ती उठली. उठताना कठड्याला धरावं लागलं, चार-पाच श्वास घ्यावे लागले, तेव्हा कुठे पाय चालू झाले. हे अलीकडे रोजचंच होतं, त्याचं तिला काही वाटेनासं झालं होतं. ती दचकली ती चाळीस या आकड्यानं. तो आकडा दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिनं आज पहिल्यांदाच ऐकला.

मूर्तिजापूरच्या अलीकडे, अमरावती-अकोला रस्त्यावरच्या फाट्यावर गुरांचा एक सरकारी दवाखाना होता. टिनाचं छप्पर, जनावर अडकवायचा लाकडी खोडा, एक बाभूळ आणि मागे परिचराची खोली. वच्छला तिथली परिचर. गजेंद्र काळमेघ येऊन दोनच महिने झालेले. रोज अमरावतीहून मोटरसायकलनं यायचे. आधीचे डॉक्टर दाखवाल तिथे सही करून मोकळे होत. हे वाचून सही करणारे निघाले, आणि वाचणारा साहेब म्हणजे सगळ्यांच्या डोक्याला ताप.

टेबलावर नाडीचं मशीन होतं. खरं नाव पल्स ऑक्सिमीटर. जनावराच्या अंगाला चिमटा लावायचा, की रक्तात प्राणवायू किती आणि नाडीचे ठोके किती ते पडद्यावर दिसतं.

"सोमवारपर्यंत यातल्या सगळ्या नोंदी जिल्ह्याला द्यायच्या आहेत," डॉक्टर म्हणाले. "नंबर, जनावर, मालक, केसपेपर. बाकी सगळ्यांचे कागद सापडले. फक्त चाळीस बेवारस आहे. आणि नोंदी बघा किती! आठ महिने, रविवार सोडला तर रोज एक. दुपारी दोन, दोन वाजून पाच, दोन. पहिली नोंद चौऱ्याण्णव. मग ब्याण्णव, नव्वद, अठ्ठ्याऐंशी. ही कालची पंच्याऐंशी. नाडी एकशे चार. हे आहे काय? वासरू?"

"गाय हाये," वच्छला म्हणाली. तोंडातून निघालं ते निघालं.

"कोणाची?"

"केसपेपर पाहून देते जी."

"द्याच. अहो, हे जनावर मरायला टेकलंय. आणि आपण नुसते आकडे जपून ठेवले? कोणी औषध नाही दिलं याला?"

"नाई जी," वच्छला म्हणाली. "कोनी नाई देल्लं."

हे मात्र खरं होतं.

मशीन आलं ते शेतकऱ्यांसाठीच्या पॅकेजच्या वर्षी. वऱ्हाडात तेव्हा रोज कुठून तरी वाईट बातमी यायची आणि तिच्यामागून सरकारची एखादी गाडी यायची. अशाच गाड्यांतून विलायती गाई आल्या, गावोगाव वाटल्या गेल्या. त्यांना इथलं ऊन सोसेना. एप्रिलात त्या जिभा बाहेर काढून धापा टाकू लागल्या. मग त्यांच्या धापा मोजायला हे मशीन आलं. ऊन काही कमी झालं नाही, पण कागद व्यवस्थित झाले.

मशीन शिकवायला आलेला माणूस अर्ध्या तासात सगळं सांगून निघून गेला. तेव्हाच्या डॉक्टरांनी हात वर केले, "बाई, तुम्हीच सांभाळा." वच्छला सातवी शिकलेली. इंग्रजी येत नव्हतं, पण कोणतं बटण दाबल्यावर पडदा कसा दिसतो हे तिनं पाठ केलं. प्रत्येक जनावराला एक नंबर. आकडा स्थिरावला की मशीन विचारायचं, जपून ठेवू का? हो किंवा नाही दाबायचं. जुनी नोंद पाहायची तर दोन बटणं एकदम दाबून नंबर निवडायचा, मग बाणाचं बटण दाबत मागे मागे जायचं. महिन्याभरात तिचा हात असा बसला की लोक जनावर घेऊन आले की डॉक्टरांच्या आधी तिला हाक मारत.

जुलैतल्या एका दुपारी सेल नवे घातले होते. मशीन चालतं का ते पाहायचं होतं आणि दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं. तिनं चिमटा आपल्याच बोटाला लावला. आकडा आला. मशीननं विचारलं, जपून ठेवू का?

वच्छला त्या प्रश्नाकडे बघत राहिली. नवरा, श्रावण, याच दवाखान्यात परिचर होता. तो काविळीनं गेला त्याला सहा वर्षं झालेली. मूलबाळ नाही. श्रावणच्या जागी अनुकंपेवर नोकरी मिळाली आणि नोकरीबरोबर ही खोली. "ढोराच्या दवाखान्यातली बाई" म्हणून बायका हळदीकुंकवाला टाळत. विधवा म्हणून तशाही टाळल्याच असत्या. दिवसभर बोलणं व्हायचं ते गाईला काय झालं, बैलानं काय खाल्लं एवढंच. तुझं काय, असं तिला कोणी विचारल्याला किती दिवस झाले होते कोण जाणे. मशीननं विचारलं. तिनं हो दाबलं. तोवर एकोणचाळीस जनावरं झाली होती, म्हणून चाळीस.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता तिनं पुन्हा बोट लावलं. मग तो नेमच झाला.

आकडा उतरत चालला आहे हे तिला दिसत नव्हतं असं नाही. नव्वदच्या खाली गेलेली गाय पाहिली की ती डॉक्टरांना हाका मारत धावायची. पण स्वतःच्या बाबतीत तिच्याकडे उत्तर तयार होतं, आणि तेही तिच्या धंद्यातलं. फाट्यावर सरकी वाहणाऱ्या नियाजभाऊंचा एक बैल होता, काळ्या जिभेचा. त्याच्या जिभेला चिमटा लावला की मशीन ऐंशी दाखवायचं. बैल मात्र टणटणीत, मान हलवत उभा. तिनंच शोधून काढलं की काळ्या कातडीतून उजेड नीट जात नाही. वेसण असते तिथं, नाकाच्या पडद्याला चिमटा लावला की तोच बैल सत्त्याण्णव दाखवतो. नियाजभाऊ अख्ख्या फाट्यावर तिचं कौतुक सांगत फिरले होते. त्या दिवसापासून ती स्वतःलाही हेच समजावत आली. चिमटाच जनावराचा, माणसाच्या बोटाला कमी दाखवणारच. दम लागतो तो वयानं. खोकला तर जिनिंगमधल्या प्रत्येक बाईला असतो. लग्नानंतर पंधरा-सोळा सीझन ती जिनिंगमध्ये कापूस लोटत होती.

आता तो नंबर पुसून टाकावा म्हटलं तर मशीन एकच नंबर पुसू देत नव्हतं. पुसायचं तर सगळंच. दोनशे जनावरांच्या नोंदी गेल्या तर साहेबावर बालंट, आणि राहू दिल्या तर आपल्यावर. सरकारी मशीन स्वतःसाठी वापरलं म्हटल्यावर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की खोलीही. वच्छलाच्या तोंडचं पाणी पळालं.

शेवटी तिनं एक कोरा केसपेपर काढला. प्राणी: गाय. वय: बारा वर्षे. मालक: शेख नियाज. तक्रार या रकान्यापाशी ती अडली. गाईचं काय लिहावं सुचेना, म्हणून स्वतःचं लिहिलं. लिहायला लागली आणि लिहीतच गेली. रकाना संपला, तेव्हा समासात लिहिलं. एवढं सविस्तर तिनं आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी तो कागद मोठ्यानं वाचला.

"चढावावर दम लागतो. ठीक. सरकीचा वास आला की खोकला येतो. बरं. रात्री आडवं होता येत नाही, भिंतीला टेकून बसते." ते थांबले. "गाय भिंतीला टेकून बसते?"

"म्हंजे... टेकते जी."

"पहाटे छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटते." डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. "हे गाईनं सांगितलं?"

वच्छलाची पाचावर धारण बसली. "मालकानं सांगतलं तसं लिवलं, साहेब."

डॉक्टरांच्या मनात काय आलं ते त्यांनाच ठाऊक, बोलले एवढंच, "उद्या ती गाय घेऊन या. मला पाहायची आहे."

संध्याकाळी दवाखाना बंद करून ती नियाजभाऊंकडे गेली. घर वस्तीच्या टोकाला, थोडं चढावर. श्रावण आणि नियाज जिवाचे दोस्त. श्रावण गेल्यावर दोन घरांतलं जाणं-येणं तिनंच कमी केलं होतं. एकट्या बाईनं कोणाच्या घरी फार जाऊ नये, असं तिला वाटे. दारात पोचली तेव्हा तिला बोलवेना.

"माही गाय बिमार?" नियाजभाऊंनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "तिले काय धाड भरली, भाभी! आजच शेजाऱ्याच्या कुंपणातली तूर खाऊन आली. माह्या नावानं काहून लिवलं पन?"

"चूक झाली, नियाजभाऊ. घोर लागला मले. एक दिवस गाय द्या, नुसती दाखवाले."

आतून त्यांची बायको खुर्शीदबी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांनी तांब्या दिला आणि वच्छलाचा चेहरा निरखला. "तू पहले बैठ. इत्ता दम काहेको लग रहा तेरेकू?"

"चालत आली ना."

"चलके तो सब आते."

"काई नाई, भाभी. वयच झालं."

खुर्शीदबींनी तिच्या हातातला तांब्या घेतला. "गाय लेके जाओ," त्या म्हणाल्या. "मगर शाम के पहले दरवाजे पे होना. मेरेकू उसके बगैर चैन नहीं पडता."

वच्छलाचा जीव भांड्यात पडला. आपल्याला कोणीतरी विचारलं आणि आपण टाळलं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

शनिवारी नियाजभाऊ स्वतः गाय घेऊन आले. चांदी तिचं नाव. दूध केव्हाच आटलेलं, पण रूप होतं. खोड्यात उभी राहिली ती पाहुणी आल्यासारखी.

"लावा," डॉक्टर म्हणाले.

वच्छलानं गाईच्या नाकाच्या पडद्याला चिमटा लावला. आकडा स्थिरावला. सत्त्याण्णव. नाडी अठ्ठावन्न.

"परत लावा."

परत सत्त्याण्णव.

"बुधवारी पंच्याऐंशी, आज सत्त्याण्णव," डॉक्टर म्हणाले. "नाडी एकशे चारवरून अठ्ठावन्न. औषधाशिवाय. आणि ही भिंतीला टेकून बसणारी गाय."

"मशीनच चुकते जी कधी कधी," वच्छला घाईघाईनं म्हणाली. "नियाजभाऊच्या बैलाले नाई का, जिभेले लावलं की ऐंशी दाखवते. मशीन जनावराचं हाये ना साहेब, मानसाले..."

माणसाचं नाव तिनंच काढलं होतं.

डॉक्टरांनी चिमटा काढून घेतला, स्पिरिटच्या कापसानं पुसला आणि स्वतःच्या बोटाला लावला. पडदा तिच्याकडे फिरवला. अठ्ठ्याण्णव.

"अरे वा," नियाजभाऊ हसत पुढे झाले. "मलेबी लावा ना साहेब. बिडी पितो मी, पाहू तं द्या किती दिवस राहिले."

त्यांचं शहाण्णव आलं.

वच्छला त्या दोन आकड्यांमध्ये उभी होती. मशीन माणसाला कमी दाखवत नव्हतं. आठ महिने दुसऱ्या कोणाचं बोट तिथं लागलंच नव्हतं, म्हणून तिला कळलं नव्हतं. लागणार तरी कोणाचं? तिला भीती वाटली. नोकरीची भीती दोन दिवस होतीच, पण तिच्याखालून ही दुसरी वर आली आणि ती फार मोठी होती.

"बाई," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "बोट."

तिनं बोट पदराला पुसलं आणि पुढे केलं. चौऱ्याऐंशी. नियाजभाऊंचं हसू जागच्या जागी मावळलं. गाय शेपटीनं माश्या वारत होती.

"भाभी," ते म्हणाले, "हे काय होय?"

"चाळीस नंबर होय," वच्छला म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळली. "साहेब, मले काढून टाकतीन का?"

डॉक्टरांनी जिल्ह्याला द्यायच्या नोंदींची वही ओढली. चाळीसच्या पुढची जागा रिकामी होती. तिथं त्यांनी सावकाश लिहिलं, यंत्र बरोबर चालते की नाही हे तपासण्यासाठी कर्मचाऱ्याने स्वतःवर घेतलेल्या नोंदी. खाली सही केली. "यात खोटं काही नाही. यंत्र बरोबर चालतं हे आज सिद्धच झालं."

केसपेपर मात्र त्यांनी जपून घडी घालून तिच्या हातात दिला. "मी ढोरांचा डॉक्टर. तुम्हाला साधी गोळी लिहून द्यायचा मला अधिकार नाही. सोमवारी अकोल्याला मोठ्या दवाखान्यात जा. हा कागद दाखवा. नोंदी उतरवून घ्या, सगळ्याच्या सगळ्या. मी असतो सोबत, पण मला सोमवारी मशीन घेऊन अमरावतीला हजर राहायचं आहे. घरचं कोणी?"

"दीर हाये शेंदूरजनाघाटले. पन त्याची संत्र्याची तोड चालू हाये."

"मी येतो ना," नियाजभाऊ म्हणाले.

"नाई. तुमची सरकीची खेप हाये सोमवारी. मले काय झालं? जाते मी." हे ती झटक्यात म्हणाली. एकटं राहायची सवय अशी लागते की सोबत समोर आली तरी माणूस आधी नाहीच म्हणतो.

रविवारी ती उतरवायला बसली. दोन बटणं एकदम, चाळीस नंबर, मग बाण. दोनशेच्या वर नोंदी. तारीख, आकडा, तारीख, आकडा. लिहिता लिहिता ती त्या त्या दिवशी काय झालं होतं ते आठवू लागली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्र्याण्णव. त्या दिवशी एका बैलाच्या पायातली काच काढली होती. पुढची तारीख आठवेना. त्याच्या पुढचीही नाही. पानंच्या पानं अशी, की त्या दिवसांत आपण होतो याला या आकड्यांवाचून दुसरी साक्ष नाही. मग नोव्हेंबरातली एक तारीख आली आणि तिचा हात थांबला. लक्ष्मीपूजन. दवाखान्याला सुट्टी होती. तरी किल्ली घेऊन, कुलूप उघडून, दुपारी दोन वाजता ती इथे आली होती. एक्क्याण्णव. जपून ठेवू का? हो.

वच्छला वहीवर डोकं ठेवून रडली. मरणाच्या भीतीनं नाही. सणाच्या दिवशी या बाईला जायला दुसरी जागा नव्हती, हे तिनं स्वतःच्याच अक्षरात लिहिलं होतं, आणि त्या बाईची तिला फार कीव आली. रडताना खोकला आला, खोकताना दम लागला. मग तिनं तोंड धुतलं आणि राहिलेल्या तारखा लिहून काढल्या.

सोमवारी सकाळच्या एसटीनं ती अकोल्याला पोचली. दवाखान्यात ही गर्दी. नंबर येईस्तोवर दुपार झाली. खिडकीतल्या माणसानं नाव, गाव, वय विचारलं.

"संगं कोन हाये?"

"कोनी नाई."

"कोनी तं लिहा लागते, बाई. नवरा, पोरगा, भाऊ?"

"माह्यंच लिवा," वच्छला म्हणाली. त्यानं एकदा मान वर करून पाहिलं आणि तिचंच नाव दुसऱ्यांदा लिहिलं.

आत रुबीना नावाची एक तरुण सिस्टर होती, दोन खोल्यांमध्ये एकटीच धावत असलेली. तिनं वच्छलाला बाकावर बसवलं, तिच्या बोटाला चिमटा अडकवला आणि दुसऱ्या हातानं शेजारच्या म्हाताऱ्याचं सलाइन नीट करू लागली. वच्छलानं पिशवीतून वहीची पानं काढून दिली. सिस्टरनं एक पान पाहिलं, मग दुसरं, मग तिचा हात सलाइनवरून खाली आला.

"आठ महिने? रोज?" तिनं विचारलं. "ह्या कोणी घेतल्या?"

"म्याच."

"तुम्ही सिस्टर आहात?"

"ढोराच्या दवाखान्यात कामाले हाये."

सिस्टरनं मशीनकडे पाहिलं आणि पेन उघडलं. पडद्यावर एकोणऐंशी होतं.

"थांबा," वच्छला म्हणाली.

तिनं बोट बाहेर काढलं. चिमटा फिरवून लाल उजेड नखाच्या बाजूनं येईल असा केला, बोट पदराला पुसून पार आतपर्यंत सारलं आणि हात मांडीवर स्थिर ठेवला. दम लागला होता, पण हात हलू दिला नाही. आकडा वर चढला, क्षणभर मागेपुढे झाला आणि चौऱ्याऐंशीवर उभा राहिला.

"हं," ती म्हणाली. "आता लिवा."